तिसरी गाडी

नॉर्बर्ट वासिंगरला पुरून अकरा दिवस झाले होते, तेव्हा लोरीन शुल्टेस त्याच्या बायकोला भेटायला निघाली. निघण्याआधी काउंटीच्या वकिलानं तिला फोन करून बजावलं होतं, "वाईट वाटलं म्हण, केक घेऊन जा, दहा मिनिटं बस आणि ये. गाड्या कुठे होत्या याबद्दल चकार शब्द काढायचा नाही." लोरीन बरं म्हणाली होती. केक तिनं घेतलाच नाही. शेजारच्या सीटवर तीन पानं पडली होती. नॉर्बर्ट गेला त्या दुपारी पेरिन काउंटीतली कुठली गाडी किती वाजता कुठे होती, याची कंट्रोल रूममधून काढून आणलेली ती नोंद होती.

लोरीन सत्तावन्न वर्षांची होती. काउंटीच्या अग्निशमन आणि अॅम्ब्युलन्स सेवेची ती प्रमुख. तेहतीस वर्षांपूर्वी ती फुकट काम करणारी स्वयंसेवक म्हणून आली, आणि वरची माणसं एकेक करून थकली, गेली, मेली, तशी वर सरकत गेली. दारावर 'प्रमुख' अशी पाटी होती खरी, पण आग लागली की पाण्याची नळी ओढायला तीच, ट्रकखाली माणूस अडकला की पत्रा कापायला तीच, आणि राज्य सरकारला फॉर्म भरून पाठवायलाही तीच. नऊशे चौरस मैलांत सव्वीसशे माणसं, तीन अॅम्ब्युलन्स, पगारी माणसं सात. बाकीचे स्वयंसेवक, म्हणजे ज्यांना आपापली शेतं आणि दुकानं होती असे.

वासिंगरांचं घर वाइनर गावापासून चार मैलांवर होतं. गव्हाची कापणी उरकली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे खुंट उभे होते आणि वाऱ्याबरोबर भुसा उडत होता. आर्डिथ वासिंगर ओसरीवरच बसली होती. सहासष्ट वर्षांची, उंच, हाडापेरानं दणकट बाई. अठ्ठावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. लोरीनची दोन्ही मुलं तिच्याच बसमधून शाळेत गेली होती. तिच्या दोन्ही मनगटांना पट्टे बांधलेले होते.

"ये," आर्डिथ म्हणाली. "केक नाही ना आणलास? फ्रिजमध्ये सहा पडलेत."

"नाही आणला."

"मग आत ये."

स्वयंपाकघरात कॉफी झाली. आर्डिथनं कप पुढे सरकवला आणि समोर बसली. "मला एकच सांग, लोरीन. एक्केचाळीस मिनिटं तुम्ही सगळे होतात कुठे?"

लोरीननं ती पानं टेबलावर पसरली. चष्मा लावला. वकिलाची आठवण तिला झाली नाही असं नाही. पण गेले दोन आठवडे ती नीट झोपली नव्हती, आणि खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते. ती उरली नव्हती.

"नॉर्बर्ट कोसळल्याचा तुमचा फोन आला दोन वाजून बारा मिनिटांनी," ती म्हणाली. "पहिली गाडी एक वाजून पाच मिनिटांनीच काउंटीबाहेर गेली होती. आपल्या इस्पितळात खुब्याचं हाड मोडलेली एक बाई होती, तिला नव्वद मैलांवरच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं."

"मरायला टेकली होती?"

"नाही. संध्याकाळी नेली असती तरी चाललं असतं."

"मग दुपारी का नेली?"

"त्यांनी विचारलं, गाडी आहे का. मी हो म्हटलं." लोरीननं चष्मा काढून हातात धरला. "अशा लांबच्या फेऱ्यांचे पैसे विमा कंपन्या देतात, आर्डिथ. तुमच्यासारखं घरून कुणी बोलावलं, तर निम्म्या वेळा काहीच मिळत नाही. मालमत्ता करातून काउंटी जे देते त्यात पाच माणसांचे पगार भागतात. मला सात माणसं लागतात. उरलेल्या दोघांचे पगार या फेऱ्यांतून निघतात. म्हणून फेरी आली की मी पाठवते. त्या दिवशीही पाठवली."



"दुसरी गाडी एक पन्नासला उत्तरेच्या हद्दीवर गेली. गव्हाचा ट्रक उलटला होता. मीही तिथेच होते, दार कापत होते. तुमचा निरोप आला तेव्हा ड्रायव्हर बाहेर निघाला होता. त्याला बंबवाल्यांच्या ताब्यात देऊन आम्ही तशीच गाडी वळवली. चौतीस मैल होते. पोचलो दोन त्रेपन्नला."

"आणि तिसरी?"

हा प्रश्न येणार हे लोरीनला ठाऊक होतं. वाइनरच्या अॅम्ब्युलन्सच्या शेडवरूनच आर्डिथचा बाजाराचा रस्ता जात होता.

"तिसरी इथेच होती. वाइनरला. चार मैलांवर."

"शेडमध्ये?"

"शेडमध्ये. टाकी भरलेली, किल्ली आत. यादीत अकरा स्वयंसेवक आहेत. पेजर अकराही जणांचा वाजला. नऊ जण हार्वेस्टरवर होते, यंत्राच्या घरघरीत ऐकूच आलं नाही. एक जण दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. एकीनं फोन उचलला, पण ती एकटी. एकटीला गाडी काढायची परवानगी नाही."

 बाहेर कुठेतरी पत्रा वाऱ्यानं आपटत होता. मग आर्डिथ उठली, दोन्ही कप उचलून कॉफी बेसिनमध्ये ओतली आणि पाठमोरीच म्हणाली, "खरं सांगितलंस, बरं केलंस. आता जा."

लोरीन गेली. वाटेत तिनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून दहा मिनिटं तशीच बसली. रडू आलं नाही. नुसता शीण आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नियम काढला, की काउंटीत दोन गाड्या माणसांसकट उभ्या असल्याशिवाय लांबची फेरी घ्यायची नाही. असा नियम तिला चार वर्षांपूर्वीही काढता आला असता, आणि हेच तिला खात होतं. काउंटीतल्या लहान इस्पितळाच्या व्यवस्थापकानं फोनवर आदळआपट केली. महिन्याभरात फेऱ्या निम्म्यावर आल्या, मिळकतही. जुलैत गाडीवर उपचार करणारा एक पॅरामेडिक नोकरी सोडून शहरात गेला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा घ्यायला पैसे नव्हते. त्याच्या पाळ्या लोरीननं स्वतःच्या नावावर टाकल्या. दिवसा ऑफिस, एक दिवसाआड गाडी. तिचा गुडघा सुजायला लागला. नवरा म्हणाला, "अगं, तू मेलीस तर तुला न्यायला तरी गाडी येईल का?" हा विनोद होता, पण दोघंही हसली नाहीत.

जुलैच्या मधल्या आठवड्यात, एका सकाळी, आर्डिथ वासिंगर लॅटनच्या मुख्य ठाण्यावर येऊन उभी राहिली. लॅटन हे काउंटीचं मुख्य गाव. मनगटांचे पट्टे निघाले होते.

"गाडी नुसती चालवायला डॉक्टरकी लागते का गं?" तिनं विचारलं.

"नाही," लोरीन म्हणाली. "एक शिकलेला मागे रोग्यापाशी हवा. चालवणाऱ्याला दोन आठवड्यांचं शिक्षण पुरतं. का?"

"माझ्याकडे मोठ्या गाडीचा परवाना आहे. या काउंटीतला प्रत्येक खड्डा मला नावानिशी ठाऊक आहे. आणि वाइनरची ती फोन उचलणारी कोण?"

"मर्ना. पोस्टातली."

"तिला दुपारी कुणीतरी जोडीला हवं. मी येते."

लोरीन तिच्याकडे बघत राहिली. "आर्डिथ, तुम्ही हे नका करू. इतक्यात तरी नको."

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस हं," आर्डिथ म्हणाली. "तुझ्यासाठी नाही आले मी. फॉर्म दे."

फॉर्म दिला. नाही म्हणायला लोरीनकडे माणसं होती कुठे?

आर्डिथ गाडी चालवायची ती शाळेच्या बससारखीच, ताठ बसून, रेल्वेच्या रुळांपाशी पूर्ण थांबून, दोन्हीकडे बघून. भोंगा चालू असतानाही. पहिल्या आठवड्यात मर्नाला सुट्टी होती म्हणून लोरीन स्वतः तिच्याबरोबर वाइनरला बसली. एका म्हातारबाईची साखर उतरली होती, तिला इस्पितळात सोडून दोघी परत येत होत्या.

"अहो, रुळांपाशी जरा कमी थांबलात तरी चालेल," लोरीन म्हणाली. "इथून आठवड्याला एक मालगाडी जाते. मंगळवारी."

"आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मग गप्प बस."

लोरीनला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदाच आलं असावं.  मग आर्डिथ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुमच्याकडे फोनचं बोलणं टेप होतं ना?"

"होतं."

"तू ऐकलंस?"

"पाच वेळा."

"मग सांग. मी छाती बरोबर दाबत होते का? ती फोनवरची मुलगी सांगत होती जोरात, आणखी जोरात. मी मोठ्यानं मोजत होते. पण शेवटी शेवटी माझे हातच लागेनात. मला वाटतं, मी मध्येच हळू पडले. नॉर्बर्टची छाती कडक होती. मी जर..." ती थांबली. पुढे ट्रॅक्टर होता. तिनं दिवा दिला, ओलांडला, पुन्हा आपल्या बाजूला आली. "खरं सांग. मागच्या वेळेस सांगितलंस तसं."

लोरीन खिडकीबाहेर बघत होती. ती वळून बसली. "एकदाही हळू पडला नाहीत. मी घड्याळ लावून ऐकलं. आमचे लोक दोन-दोन मिनिटांनी माणूस बदलतात, कारण तेवढ्यात दमायला होतं. तुम्ही एकट्या एक्केचाळीस मिनिटं होतात. आकडे शेवटपर्यंत एका ठेक्यात आहेत. आणि आर्डिथ, मी आले तेव्हा तुमचे हात मीच काढले, आठवतंय? सोडत नव्हतात तुम्ही."

"ते मला नाही आठवत."

"मला आठवतं."

"मग तो वाचला का नाही?"

"विजेचा झटका देणारं यंत्र पहिल्या दहा मिनिटांत पोचलं असतं, तर कदाचित वाचला असता. कदाचित नसताही. मला ठाऊक नाही. पण तुमच्या हातांमुळे गेला नाही. हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे."

आर्डिथनं मान डोलावली. शेडपाशी आल्यावर गाडी उलटी आत घातली, किल्ली आतच ठेवली, खाली उतरली, आणि आपल्या मोटारीत बसून घरी गेली.

ऑगस्टमध्ये अंदाजपत्रकाची सभा भरली, कोर्टाच्या इमारतीत, सकाळी दहाला. काउंटीचा कारभार तीन निवडून आलेल्या सभासदांच्या हातात होता. अध्यक्ष लायल हर्टेल, बाराशे एकर गहू पिकवणारा. माणूस वाईट नव्हता. रस्ते, पूल, तुरुंग, अॅम्ब्युलन्स, सगळे त्याच्याच दारात येऊन हात पसरायचे, आणि द्यायला होता तो फक्त जमिनीवरचा कर. जमीन होती लायलसारख्यांची, आणि गव्हाला त्या वर्षी भाव नव्हता. लोरीन दरवर्षी इथे उभी राहायची आणि दरवर्षी तीच वाक्यं म्हणायची. आपला आवाज तिला स्वतःलाच परका वाटायला लागला होता.

तिनं मागणी वाचली. करात थोडी वाढ करावी. त्यातून वाइनरला चार पगारी माणसं ठेवावीत, म्हणजे तिसरी गाडी अहोरात्र तयार राहील. लांबच्या फेऱ्यांवर सेवा चालवणं बंद करावं. जूनमध्ये काय झालं ते तिनं नाव न घेता सांगितलं. खोलीत सात-आठ माणसं होती. मागच्या बाकावर आर्डिथ बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

लायलनं ऐकून घेतलं. मग तो खुर्चीत मागे टेकला. "लोरीन, तुझं म्हणणं मला पटत नाही असं नाही. पण मी दुसरीही बाजू बघतो. वाइनरची गाडी जुलैपासून किती वेळा निघाली?"

"एकोणीस वेळा."

"पगारी माणसावाचून. बरोबर? म्हणजे गरज पडली तेव्हा लोक पुढे आले. आमच्या आर्डिथसारखे. हीच आपल्या काउंटीची रीत आहे. असे लोक असताना सगळ्यांवर कर वाढवायचा कशाला?"

लोरीनला हेच होणार हे जुलैतच कळलं होतं, फॉर्म देतानाच. गाडी निघाली नाही तर माणूस मरतो, आणि निघाली तर म्हणायचं, भागतंय की. तिनं मागणीचा कागद पुन्हा उघडला. 

मागच्या बाकाचा आवाज झाला. आर्डिथ उठली होती.

"लायल, मी बोलू का?"

"बोल ना."

"तुझी मुलगी माझ्या बसमध्ये होती. रोज तिसऱ्या थांब्यावर ओकायची."

खोलीत हसू फुटलं. लायलही हसला. "हो. खरं आहे."

"बस चालवायचा मला पगार होता. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की आर्डिथला मुलं आवडतात, मग ती फुकट चालवेल." ती पुढे आली नाही, जागेवरूनच बोलत होती. "मी त्या गाडीवर का बसले, सांगू? घरी बसवत नाही म्हणून. त्या घरात दुपारचे दोन वाजले की माझे हात आपोआप हलायला लागतात. म्हणून वाइनरला जाते. ज्या दिवशी घरी बसवेल, त्या दिवशी मी येणार नाही. मग काय करशील? आणखी कुणाचा नवरा मरायची वाट बघशील?"

 लायलनं समोरच्या कागदाकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"मी भांडायला नाही आले," आर्डिथ म्हणाली. "एवढंच, की मला तुझ्या हिशेबात धरू नकोस." आणि ती खाली बसली.

मतदान पुढच्या आठवड्यात झालं. दोन विरुद्ध एक. चार माणसं मिळाली नाहीत, दोन मिळाली; अहोरात्र नाही, सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात. जानेवारीपासून. विरोधातलं मत लायलचं नव्हतं. सभा संपल्यावर तो जिन्यावर लोरीनला म्हणाला, "मला पुढच्या निवडणुकीत याचे फटके बसणार, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," लोरीन म्हणाली. "मागितलं होतं त्याच्या निम्मं दिलंत, लायल. रविवारी कुणाला छातीत कळ आली तर?"

"तर तू येशीलच की," तो म्हणाला. त्याला ते कौतुक वाटत होतं.

जानेवारीपर्यंत दिवस कसेबसे गेले. ऑक्टोबरात ज्वारीच्या काढणीच्या वेळी पुन्हा शेतकरी स्वयंसेवक गायब झाले. मर्ना आणि आर्डिथ यांनी वाइनर धरून ठेवलं. एका दुपारी छाती धरून कोसळलेला पन्नाशीचा एक लोहार त्यांना वेळेत सापडला, यंत्र वेळेत लागलं, आणि तो वाचला. त्याच्या बायकोनं ठाण्यावर या भागात प्रत्येक घरी करतात तसल्या, कोबी-खिमा भरून भाजलेल्या पावांचं मोठं ताट पाठवलं. आर्डिथनं एक उचलला, अर्धा खाल्ला, आणि बाहेर जाऊन गाडी धूत बसली. त्या दिवशी कुणी तिच्याशी बोलायला गेलं नाही.

नवी दोन माणसं आली ती जानेवारीच्या पहिल्या सोमवारी. एक तिशीतली पॅरामेडिक, डेलिया ओरोनो, शेजारच्या काउंटीतली. दुसरा तिच्याहून थोडा मोठा. शेडमध्ये हीटर नीट चालत नव्हता. लोरीन त्यांना कुठलं घर कुठल्या रस्त्यावर, कुठल्या पुलावरून गाडी न्यायची नाही, हे नकाशावर दाखवत होती. आर्डिथ दहाच्या सुमाराला आली. तिनं पेजर टेबलावर ठेवला.

"रविवारी तरी याल ना?" लोरीननं विचारलं. स्वतःचीच तिला लाज वाटली, पण विचारलं.

"नाही गं बाई." आर्डिथ कोटाची बटणं लावत होती. "सहा महिने झाले. एकदाही धड रडले नाही. वेळच मिळाला नाही. आधी गाडी, मग घरी गेलं की दमून झोप. नॉर्बर्टचे बूट अजून दारात आहेत. आता जरा घरी बसून बघते."

"मी येऊ संध्याकाळी?"

आर्डिथनं तिच्याकडे नीट बघितलं. "आज नको. पुढच्या आठवड्यात ये. आणि आलीस तर कामाचं बोलू नकोस, त्या गाड्यांचं तर नाहीच."

"मग काय बोलू?"

"काहीही. तुला दुसरं काही येतं का बोलायला?"

 आर्डिथ दार ओढून निघून गेली. बाहेर तिच्या मोटारीचा आवाज झाला आणि बर्फाळ रस्त्यावर लांब गेला.

"कोण होत्या या?" डेलियानं विचारलं.

"इथल्या ड्रायव्हर," लोरीन म्हणाली. ती पुन्हा नकाशावर वाकली. "हं, हा मातीचा रस्ता. पाऊस झाला की इथून जायचंच नाही. तीन मैल वळसा पडतो, पण वळसाच घ्यायचा."

अकराला पेजर वाजला. उत्तरेकडे एक म्हातारा न्हाणीघरात पडला होता. दोघं उठली, लोरीनही सवयीनं उठली. डेलिया म्हणाली, "तुम्ही बसा, दोघं पुरे आहोत." गाडी शेडबाहेर पडली. लोरीन दारात उभी राहून ती कुठे वळते ते बघत राहिली. पहिलं वळण त्यांनी बरोबर घेतलं. मग थंडी वाजायला लागली, तशी ती आत आली, खुर्ची हीटरजवळ ओढली आणि शुक्रवारी राज्याकडे पाठवायचा फॉर्म काढून बसली.